चाळिसावे वर्षकथन

गोपाळरावांनी वर्षकथनाची वही पाटावर ठेवली, दौतीचे झाकण उघडले आणि घड्याळाकडे पाहिले. साडेचार वाजले होते. विजयादशमीला पाचाच्या ठोक्याला वर्षकथन सुरू व्हावे, हा क्रम गणेशपेठेतल्या या घरात एकोणचाळीस वर्षे चुकला नव्हता, आणि यंदाही तो चुकवण्याचे त्यांना कारण दिसत नव्हते. गेल्या वर्षी, त्र्याहत्तर साली, दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांच्या पत्नी रुखमाबाई न्हाणीच्या उंबऱ्यात कोसळल्या. त्यांचे उजवे अंग लुळे पडले आणि वाचा गेली. तेव्हापासून या घरात मोठ्याने कोणी बोलले नव्हते. पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवण्यात आले, सण देवापुढे दिवा लावण्यापुरते उरले. वर्ष शांततेत गेले, असेच गोपाळराव आज लिहिणार होते.

वर्षकथनाचे नियम त्यांनीच घातलेले होते. घरातल्या प्रत्येकाने उभे राहून आपले सरलेले वर्ष स्वतःच्या तोंडाने सांगावे, शेवटी पुढील वर्षाचा संकल्प सांगावा, आणि तो गोपाळरावांनी वहीत उतरून घ्यावा. उतरलेले खोडायचे नाही. वहीत आलेला संकल्प पाळायचाच. जो स्वतः बोलू शकतो त्याच्या वतीने दुसऱ्याने बोलायचे नाही. तान्ही मुले, परगावची माणसे आणि रुखमाबाई एवढेच या शेवटच्या नियमाला अपवाद. रुखमाबाई अपवाद कशा ठरल्या याचा इतिहास लहानसा आहे. पस्तीस साली, पहिल्या वर्षकथनात, सोळा वर्षांच्या त्या नव्या सुनेने पदर तोंडाशी धरून "तुमीच सांगा" म्हटले, आणि गोपाळरावांनी ते एका वर्षापुरते न समजता जन्मापुरते समजले. या समजुतीत दुष्टपणा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. आळस होता असे म्हणणे मात्र अन्यायाचे होणार नाही. तेव्हापासून दरसाल रुखमाबाईंच्या नावापुढे एकच ओळ पडत आली: "प्रकृती ठीक, गृहकृत्ये यथास्थित."

स्वयंपाकघरात प्रेमिला भाताचे तांदूळ निवडत होती आणि तिच्यासमोर, भिंतीला टेकून, रुखमाबाई डाव्या हाताने खडे वेचत होत्या. प्रेमिला या घरची एकुलती एक सून. अकरा वर्षे ती टेलिफोनच्या ट्रंक बोर्डावर परगावचे फोन जोडण्याचे काम करीत होती. आज तिची सकाळची पाळी आटोपली होती. दूरच्या तारेवर माणूस कधी ऐकू येतो, कधी येत नाही, आणि मधल्या खरखरीत आपण बोललो की त्याचा उरलेला शब्दही बुडतो, हे ती या कामात शिकली होती. तिथे वाट पाहणे हेच अर्धे काम असते.

"आई, आज सांगून टाका ना वं," ती हलक्या आवाजात म्हणाली. "आठ मयने झाले. माह्या पोटात आता राहून नाई राहिलं."

रुखमाबाईंनी खडा बाजूला ठेवला. उत्तर तयार होते, परंतु शब्द जागेवर नव्हते. एकेक हुडकून आणावा लागे. प्रेमिला तांदळाकडे पाहत राहिली. मदत करायची नाही, तोंडाकडे टक लावायची नाही, हे दोघींत न बोलता ठरलेले होते.

"सांगन," रुखमाबाई म्हणाल्या. बराच वेळ गेला. "त्यायच्या... म्होरं... नाई."

तेवढ्यात मधुकरराव आत आला आणि रुखमाबाईंचे ओठ मिटले. प्रेमिलाचा नवरा स्वभावाने सरळ होता. वडिलांशी वाद घालणे त्याला जमत नसे, म्हणून वडिलांचे निर्णय तो बातमीसारखे सांगत असे.

"बाबांनी ठरवलं हाय," तो म्हणाला. "आईले घेऊन गावाले, कुहीले जाऊन राहायचं, कायमचं. काकांनी मागची खोली कौलं फेरून तयार ठेवली. आज वहीत लिहिते, आन परवा सकाळच्या मोटारीनं निघते दोघं."

प्रेमिलाच्या हातातले सूप थांबले. "आन आईले विचारलं?"

"आईले काय विचारायचं? ती सांगणार हाय का?" मधुकररावाने हे आईच्या देखत, तिच्या डोक्यावरून म्हटले, त्यात कठोरपणा नव्हता, नुसती वर्षभराची सवय होती. "तिथं शांत राहीन. इथं येणारा-जाणारा पाहते, कीव करते. बाबाले ते सोसत नाई."

"बाबाले सोसत नाई म्हून आईनं जायचं?"

"तू माह्यावर काहून चिडून राहिली? बाबांशी बोल."

तो गेला. रुखमाबाई दाराकडे पाहत होत्या. त्यांचा डावा हात तांदळात मनगटापर्यंत रुतला होता आणि मूठ घट्ट आवळलेली होती.

जयवंता सकाळच्याच गाडीने रामटेकहून माहेरी आली होती. माजघरात ती आईची लुगडी घडी घालून पेटीत ठेवीत होती. कुहीची बातमी तिला वडिलांनी आल्या आल्याच सांगितली होती आणि तिला ती पटलीही होती. आईची वाचा गेल्याचे दुःख तिला होतेच, पण त्याहून टोचत होती वेगळीच गोष्ट. दर खेपेस ती आली की आई तिच्याकडे पाहून हसे, आणि नंतर डोळे वळवी प्रेमिलाकडे. आई सुनेची झाली आणि लेकीची उरली नाही, असे तिला वाटे. आणि असे वाटणाऱ्या माणसाला पुरावे शोधावे लागत नाहीत.

"पेटी भरू नका, ताई," प्रेमिला दारातून म्हणाली. "आई जात नाई."

"ते तुम्ही ठरवणार का, वैनी?"

"मी नाई ठरवत."

"मंग कोन? तुम्ही सा-सा तास बोर्डावर बसता, आई घरात एकटी. कुहीले काकू हाय, पोरीसोरी हाय. तुमाले काय, एक माणूस कमी झालं तं हलकंच होईन." हे खोटे आहे हे बोलतानाच जयवंताला कळले, आणि कळले म्हणूनच ती पुढे म्हणाली, "नाई तं आई तुमच्या मुठीतून सुटन याचं भेव वाटून राहिलं का?"

प्रेमिलाचा चेहरा उतरला. कोणाला सांगायचे नाही अशी रुखमाबाईंनी तिला शपथ घातलेली होती. "ताई, मी तुमच्या पाया पडते, आज हे लिहू देऊ नका. कारण विचारू नका."

"वा! कारण विचारू नका! बाबांपुढं मी काय सांगू, वैनीनं कारण विचारू दिलं नाई?"

"जया."

दोघी वळल्या. रुखमाबाई भिंतीचा आधार घेत मधल्या दारापर्यंत आल्या होत्या. जयवंताच्या हातातले लुगडे सुटून पेटीच्या कडेवर लोंबकळले.

"भांडू," रुखमाबाई म्हणाल्या, आणि थांबल्या. जयवंताने तोंड उघडले. प्रेमिलाने तिचा दंड धरला. "नको."

जयवंता खाली बसली. रडू आले, ते तिने पदरात कोंबले, कारण ओसरीत वडील होते. मग ती म्हणाली, "कवापासून, आई?"

"माघा... त."

"आन मले सांगतलं नाई? दादालेबी नाई?"

"मीच... म्हनली. सांगू... नको." रुखमाबाईंनी प्रेमिलाकडे बोट केले आणि मग छातीवर हात ठेवला, दोष हिचा नव्हे, माझा, एवढे त्या हालचालीत स्पष्ट होते. बाकीचे प्रेमिलाने सांगितले.

पौषात भाजी अळणी झाली होती आणि रुखमाबाईंनी पहिला घास घेऊन "मीठ" म्हटले होते. घर आनंदाने वेडे झाले. गोपाळरावांनी दुसऱ्याच दिवशी पाटी-पेन्सिल आणली. तीस वर्षे त्यांनी शाळेत पोरांना मराठी शिकवले होते. वाचा परत आणायची ती शिस्तीने, हे त्यांना उघड होते. रोज सकाळी सातला, ओसरीवर. माघात एके दिवशी जुने मित्र भैय्याजी आले असताना गोपाळरावांनी उत्साहाने रुखमाबाईंना मुलांची नावे विचारली. रुखमाबाईंनी मधुकररावाकडे बोट दाखवून "जयवंता" म्हटले. भैय्याजी हसले, "वा वैनी, मधूले रामटेकले देऊन टाकलं का!" गोपाळराव हसले नाहीत. ते म्हणाले, "चूक. पुन्हा." आणि पुन्हा चूक, आणि पुन्हा. शेवटी रुखमाबाईंनी ओठ मिटले, ते त्यांच्यासमोर पुन्हा उघडले नाहीत. आलेले शब्द परत गेले असे गोपाळरावांनी मानले. असे होऊ शकते म्हणून डॉक्टरांनीही सांगितले. प्रेमिलाशी मात्र, दोघीच असताना, रुखमाबाई बोलत राहिल्या. मधुकररावाला कळले असते तर ते संध्याकाळपर्यंत वडिलांना कळले असते, म्हणून त्यालाही नाही.

"बाबांनी प्रेमानंच केलं असन," जयवंता म्हणाली.

"प्रेमानंच," प्रेमिला म्हणाली. "म्हून तं आईले नाई म्हनता आलं नाई."

जयवंताने डोळे पुसले, पेटीतली लुगडी एकेक काढून पुन्हा फळीवर रचली आणि आईसमोर उभी राहिली. "आई, बाबा लिहिण्याआधी बोलावं लागन. मंग ते खोडत नाई, तुले माहीत हाय. आमी बोललो तं ते म्हनन, हिच्या वतीनं तुमी कोन? बोलशीन?"

रुखमाबाईंनी मान हलवली. होकार होता की नकार, ते दोघींनाही कळले नाही.

पाच वाजले. गोपाळराव पाटावर, समोर वही. मधुकरराव आणि भैय्याजी सतरंजीवर. बायका दाराशी, रुखमाबाई त्यांच्यामध्ये. भैय्याजी हे गोपाळरावांचे शाळेपासूनचे मित्र. त्यांनाही या बैठकीत बोलण्याचा मान होता आणि तो ते दरसाल थट्टेत घालवीत.

"माहं वर्ष असं गेलं गा गोपाळराव," ते म्हणाले, "की दात दोन गेले आन अक्कल होती तेवढीच राह्यली. लिहा."

"'दोन दंत पतन पावले,'" गोपाळराव म्हणाले.

"अरे बाप्पा, पतन काहून? पडले म्हना ना, सीधी बात!"

हसू आले, पण ते लवकर विरले. मधुकररावाने आपले सांगितले: बढती, एक आजारपण, सायकल विकली. जयवंताने आपले सांगितले. प्रेमिला उठली आणि म्हणाली, "माहं वर्ष आईपाशी गेलं. यापेक्षा चांगलं वर्ष माह्या आयुष्यात गेलं नाई." गोपाळरावांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले, हे शोभेसाठी बोललेले वाक्य नसावे असे त्यांना वाटले आणि ते त्यांनी जसेच्या तसे लिहिले.

मग त्यांनी नवे पान उघडले. "सौभाग्यवती रुखमाबाई," ते वाचीत वाचीत लिहू लागले. लेखणी हातात स्थिर होती. मन स्थिर नव्हते. हजारो मुलांना बोलायला शिकवलेल्या माणसाला स्वतःच्या बायकोचा एक शब्द परत आणता आला नाही, हे त्यांनी कोणापाशी बोलून दाखवले नव्हते. कुहीला तिच्याकडे पाहणारे डोळे कमी असतील. खरे सांगायचे तर त्यांच्याकडे पाहणारेही. "हे वर्ष शांततेत गेले. पुढील वर्षाचा संकल्प..."

"मामाजी," प्रेमिला म्हणाली, "थांबा."

सासऱ्यांना या घरात 'थांबा' असे कोणी म्हणत नसे. "वर्षकथनात मध्ये बोलत नाहीत, प्रेमिला."

"जो स्वतः बोलू शकते, त्याच्या वतीनं दुसऱ्यानं सांगायचं नाई. हाबी तुमचाच नियम हाय."

"ती बोलू शकत असती तर मला आनंदच झाला असता. हा विषय वेदनेचा आहे, वादाचा नव्हे."

"बाबा, लिहू नका," जयवंता म्हणाली.

मधुकरराव चकित होऊन बहिणीकडे पाहू लागला. "तू तं सकाळी हो म्हनली होती!"

"सकाळी मले माहीत नव्हतं."

"काय माहीत नव्हतं? दोघी मिळून काय करून राहिल्या तुमी? बाबा, लिहा तुमी. ह्या बायकायच्या..." तो पुढे बोलला नाही, कारण त्याची आई उठत होती.

रुखमाबाईंना उठायला वेळ लागला. जयवंता हात द्यायला वाकली, तो त्यांनी बाजूला सारला. खुंटी धरून त्या उभ्या राहिल्या. गोपाळराव लेखणी हवेत धरून पाहत राहिले.

"माहं," रुखमाबाई म्हणाल्या. "वर्स."

भैय्याजींचा हात आपोआप तोंडावर गेला.

"पडली. मंग... आवाज ये. तुमचे... समद्यायचे. मी घरात होती. तुमाले वाटे... नाई." त्या थांबल्या. थांबणे लांबले, मधुकररावाने आधारासारखा एक शब्द पुढे करायला तोंड उघडले आणि प्रेमिलाच्या नजरेने तो गप्प झाला. "पार्वतीबाई... शेजारची. रोज ये. बोले नाई. बसे. बरं वाटे." पुन्हा थांबणे. "फागुनात... संत्री. एका हातानं. पयले एक सोलली. मंग... पाच. प्रेमिला वाट पाहे."

गोपाळराव लिहीत होते. आपण लिहीत आहोत हे त्यांना उशिरा कळले. तिचे शब्द जसे येत होते तसेच कागदावर पडत होते, आणि त्यांत काही सुधारण्याइतका अवकाश त्यांना मिळत नव्हता.

"पाटी," रुखमाबाई म्हणाल्या, आणि प्रथमच सरळ त्यांच्याकडे पाहिले. "चूक म्हनलं. अकरा खेपा. मी मोजलं."

"वैनी," भैय्याजी घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मी त्या दिवशी हासलो होतो. माफ करा."

रुखमाबाईंनी मान हलवली. "हासनं... चालते."

गोपाळरावांना अकरा हा आकडा आठवत नव्हता. ती सकाळ त्यांना आठवत होती. तिच्यात त्यांना आपला धीर आठवत होता, चिकाटी आठवत होती. आता त्याच सकाळची दुसरी बाजू त्यांच्यासमोर उभी होती. त्यांनी लिहिले: "अकरा वेळा चूक म्हटले." कोणी म्हटले, ते लिहायचे राहिले होते. त्यांनी ओळीच्या वर बारीक अक्षरांत आपले नाव घातले.

"संकल्प," रुखमाबाई म्हणाल्या. हा जड शब्द मात्र त्यांच्या तोंडून एका दमात आला. चाळीस वर्षे त्या तो ऐकत आल्या होत्या. "म्होरच्या साली... मी... रामटेकले..."

जयवंताचे डोळे भरले. तिला ठाऊक होते की आईला रामटेक म्हणायचे नव्हते. सगळ्यांनाच ठाऊक होते. शब्द निसटला होता, आणि खरा शब्द खोलीतल्या प्रत्येकाच्या जिभेवर होता. तो गोपाळरावांच्या जिभेवर इतका पुढे आला की त्यांनी दात मिटून घेतले. लेखणीची निब कागदावर टेकली होती आणि तिच्याखाली शाईचा ठिपका पसरत होता. बाहेर कोणीतरी सोने द्यायला येऊन दारातून हाक मारली. आतून कोणी ओ दिली नाही, तसा तो माणूस निघून गेला.

"रामटेक," रुखमाबाई म्हणाल्या. कपाळावर घाम आला होता. "नाई. ते नाई." त्यांनी डोळे मिटले. गोपाळराव थांबले. असे थांबणे त्यांना कोणी शिकवलेले नव्हते. ते त्याच क्षणी, त्या ठिपक्यावर लेखणी तशीच धरून, ते शिकत होते. "कु," त्या म्हणाल्या. "कुही." डोळे उघडले. "कुहीले मी जात नाई. इथं... राहीन. बोलन. चुकन. लिवा."

गोपाळरावांनी लिहिले. एकोणचाळीस वर्षांत जिच्या वाट्याला एकेक ओळ आली, तिचे पान खालच्या कडेपर्यंत भरले होते.

"आणखी?" त्यांनी विचारले.

"हाय. लय हाय."

"मग थोडे..." ते म्हणाले आणि मध्येच अडखळले, कारण आपल्या तोंडून आता निघालेला कोणताही शब्द तिला पाटीवरल्या हुकमासारखा ऐकू जाईल, अशी त्यांना धास्ती वाटली. म्हणून त्यांनी वही उचलून तिच्याकडे वळवली आणि भरलेले पान तिला दाखवले. "जागा संपली आहे. पान उलटतो. मग सांग."

रुखमाबाई खाली बसल्या नाहीत. खुंटीवरचा हात त्यांनी आणखी घट्ट केला.

"उलटा," त्या म्हणाल्या.